हातबदल

शहापूर (जि. भंडारा),
१६ मार्च

प्रिय भूपेश,

मंगळवारी दुपारी ममताचा फोन आला होता. तुला तिनं सांगितलं नसेल, आणि आता कळलं म्हणून तिच्यावर चिडू नको. गच्चीवर जाऊन बोलत होती, मागे वारा ऐकू येत होता. "ताई, यायनं स्कूटरबी सोडली," म्हणाली. "सकाळी शर्ट घालून उभे राहतात, बटनं मीच लावून देते. डॉक्टर म्हणते हातात काही दोषच नाही." मग म्हणाली, "तुमाले काही मालूम आहे का?" मी नाही म्हटलं, आणि बाबा हाक मारताहेत असं सांगून फोन ठेवला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तुझी ताई जेवणावर रुसली म्हणजे गोष्ट कोणत्या थराला गेली असेल, ते तुला वेगळं सांगायला नको.

तू आम्हाला सांगितलं होतंस की तुला बढती मिळाली. नव्या गाड्या चालवून तपासायचं काम सुटलं, आता स्टोअरमध्ये पंख्याखाली बसायचं. मी तर पेढे वाटले रे, टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत. आता ममताकडून कळलं की गेल्या वर्षी मार्चमध्ये तू कंपनीच्या आवारात गाडी फाटकाच्या खांबाला लावलीस. पायी चालण्याच्या वेगात. आणि उतरून साहेबाला म्हणालास, ब्रेक कुठे आहे ते माहीत होतं, स्टिअरिंग धरायचं कसं ते आठवलं नाही. बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवणारा माझा भाऊ! पेढे वाटताना मला यातलं काही माहीत नव्हतं. पण अगदीच काही माहीत नव्हतं असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. चोराच्या मनात चांदणं असतं.

इकडचं म्हणशील तर उन्हं आत्तापासूनच तापली आहेत. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावून गॅरेजभर फिरतात आणि पाना हाताने चाचपून ओळखतात. आई गावी बपेऱ्याला चार दिवस राहून आली, वाळवलेली मासळी घेऊन आली, त्यातली तुझी पुडी वेगळी बांधून ठेवली आहे. आणि ती हिरवी गाडी जानेवारीपासून आपल्याच शेडमध्ये उभी आहे. नागपूरच्या विनोदबाबूंनी इंजिन उघडून बघायला ठेवली आहे. मी रोज तिच्यावरचं कापड सारखं करते. कापड रोज ड्रायव्हरच्या बाजूने सरकलेलं असतं. शेडला तीन बाजूंनी भिंत आहे आणि वारा त्या बाजूने येत नाही.

तुला आठवतं, ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या सीटखालून साळिंदराचे काटे निघाले होते? खाणीच्या कुठल्याशा साहेबाची एकोणीसशे अठ्ठावन्न सालची विलायती स्पोर्ट्स गाडी, दोन सीटांची, बिनछपराची, चाळीस वर्षं बंगल्यामागे पडून होती. विनोदबाबूंनी ती घेतली आणि बाबांच्या हवाली केली. पाच वर्षं लागली. जे मिळालं नाही ते बाबांनी लेथवर बनवलं. दुसऱ्या गिअरचा दात मात्र शेवटपर्यंत रुसलेलाच राहिला, क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडायचा नाही. तू मात्र तो असा घालायचास की आवाजसुद्धा यायचा नाही. मला दर वेळी किर्र्र व्हायचं आणि बाबा पाठमोरे असले तरी खांदा उडवायचे.

मग गेल्या वर्षीच्या जानेवारीत विनोदबाबूंनी ती शर्यतीत उतरवायचं काढलं. चेन्नईच्या बाजूला, फक्त जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची, दोन तासांची शर्यत. एका गाडीला दोन चालक, पहिला तास एकाने, दुसरा दुसऱ्याने, मध्ये गाडी बंद करून सक्तीचा तीन मिनिटांचा थांबा. विनोदबाबूंचं वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. ते म्हणाले, ज्यांनी गाडीचा स्क्रू न् स्क्रू पुसला त्यांनीच चालवायची. तू पुण्याहून रजा काढून आलास. शर्यतीच्या लायसन्ससाठी दोघं कोइंबतूरला शिकून आलो, तिथल्या सांबाराला तू नावं ठेवलीस आणि तीन वाट्या प्यालास. मी आयुष्यात इतकी खूश नव्हते. खरंच सांगते, लग्न मोडलं तेव्हापासून तर नव्हतेच.

आणि आपल्या घराची ती खोड. माणसं हसायची आपल्याला. आबाजी बपेऱ्याच्या नदीवर डोंगा चालवायचे, ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, पाळीपाळीने. उतरणाऱ्याने डोंग्याच्या काठावर हात ठेवून म्हणायचं, "सोडला." चढणाऱ्याने वल्हं हातात घेऊन म्हणायचं, "धरला." "धरला म्हणेपर्यंत उतरनाऱ्याचे हात वल्ह्यावरच रायतात," आबाजी सांगायचे. एका वर्षी पुराच्या दिवसांत धाकट्याने घाईत ते म्हटलंच नाही. सोळा दिवस आबाजी घरात बसून होते, हाताला भात कालवता येईना, आजी भरवायची. आणि तिकडे धाकटा भर पुरात डोंगा दोन माणसांच्या बळाने काढत होता. सोळाव्या दिवशी आजीने दोघांना मनगटाला धरून घाटावर नेलं आणि म्हणायला लावलं. बाबांनी डोंगा सोडला, गॅरेज टाकलं, पण ही खोड गॅरेजमध्ये आणली. सायकल असो की ट्रक, सोडली आणि धरली म्हटल्याशिवाय आपल्याकडे कोणी कोणाला गाडी दिली नाही. तुझ्या आरटीओच्या परीक्षेला तू साहेबाला सवयीने "सोडली" म्हणालास, तो म्हणाला "काय सोडली?", आणि बाबा फाटकातून धावत येऊन बॉनेटवर हात ठेवून स्वतःच "धरली" म्हणाले. साहेबाला वाटलं सगळं खानदानच प्यायलेलं आहे.

त्या दिवशी सकाळी विनोदबाबूंनी आपल्या दोघांना समोर उभं केलं. तुला म्हणाले, "भूपेश, तू जेवढं काढता येईल तेवढं काढ." मला म्हणाले, "बेटा, तू फक्त गाडी घरी आण." चांगल्या मनाने म्हणाले. हसून म्हणाले. बाबांनी मान डोलवली. माझ्या फेऱ्या तुझ्यापेक्षा पाच सेकंदांनी मंद होत्या, हे कागदावर लिहिलेलं होतं, कोणी खोटं बोलत नव्हतं. पण तुला क्लच सोडायला मी शिकवलं होतं भूपेश. लाखांदूर रोडवर, भाताच्या बांधीत गाडी घातलीस तेव्हा मार मी खाल्ला होता.

तू तासभर चालवून आलास तेव्हा आपण चौथे होतो. गाडीतून वाफ निघत होती, तुझ्या पायाला एक्झॉस्टच्या पाइपची धग लागली होती, लंगडतच उतरलास. तीन मिनिटं. मी बसले, बाबांनी पट्टे आवळले, खुणेच्या माणसाने झेंडा वर केला आणि मी निघाले. पहिल्या वळणावर मी दुसऱ्या गिअरसाठी हात खाली नेला, आणि गिअर आवाज न होता पडला.

मला वाटलं नशीब. दुसऱ्या वळणावरही तसंच. तिसऱ्या वळणाआधी मी नेहमी शंभर मीटरच्या पाटीजवळ ब्रेक लावते. पाय उचलायला निघाले तोवर हातांनी स्टिअरिंग आत घेतलं होतं, तुझ्या पद्धतीने, ब्रेक न लावता, गिअरनेच वेग मोडून. गाडी घरंगळत गेल्यासारखी वळणातून गेली. माझा उजवा अंगठा स्टिअरिंगवर गोल गोल फिरत होता, तू तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोस तसा. मी तो थांबवायला गेले, थांबेना. पाचव्या का सहाव्या फेरीला, लांब सरळ रस्त्यावर, मी डोळे मिटले. एक, दोन, तीन मोजलं. हातांनी गिअर वर टाकला. मी डोळे उघडले तेव्हा आपण तिसऱ्या गाडीच्या बाजूने पुढे निघत होतो. मला भीती वाटली का, असं तू विचारशील. वाटली. पण त्याच्या दसपट दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते आनंदासारखं होतं.

आपण दुसरे आलो. विनोदबाबू रडले. वेळेचा कागद त्यांनी फ्रेम करून लावला आहे, कधी नीट बघितला आहेस का? तुझ्या शेवटच्या फेऱ्या आणि माझ्या सगळ्या फेऱ्या यांत फरक किती, दोन दशांश सेकंद. लोक म्हणाले, भावाबहिणींचं रक्त एकच. बाबांनी मला नंतर, रेल्वेत, तू वरच्या बर्थवर झोपलेला असताना सांगितलं की तो तासभर तू टायरांच्या ढिगावर बसून होतास. मी वळणावर गेले की तू खांद्यातून झुकायचास, सरळ रस्त्यावर आले की सरळ व्हायचास, पाय दाबायचास, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. विनोदबाबूंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी डोक्यावर पाणी ओतलं. तू पापणीसुद्धा हलवली नाहीस. "म्हनली होतीस ना धरली?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, म्हटली की, हेल्मेटमध्ये म्हटली, त्याला ऐकू आलं नसेल.

तू पुण्याला गेलास. इथे पहिल्या महिन्यात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण मी त्याला नाव दिलं नाही. होळीच्या सुमारास पानठेल्यावर उभी राहून एकशेवीस तंबाखूचा खर्रा मागितला. ठेलेवाल्याने तोंडाकडे बघितलं, मग हसून म्हणाला, भूपेशभाऊ आले वाटते. खर्र्याच्या वासाने मला उलटी यायची, तुझे शर्ट मी चिमटीत धरून धुवायला टाकायची, आणि आता घोटण्याची लय माझ्या हाताला येत होती. तोंडात नाही घातला. पण घोटला. आई मागून मला दोनदा भूपेश म्हणून हाक मारून गेली. जेवायला ताट वाढायची ते तुझ्या जागेवर, खिडकीशी, आणि मी तिथेच बसायची, दोघींच्याही लक्षात यायचं नाही.

मग जूनमध्ये बपेऱ्याला गेलो होतो. तलावावर केवळरामकाका जाळं फेकत होते. आपल्या घरात फेकजाळं तू सोडून कोणाला येत नाही, मला तर कोणी हातसुद्धा लावू दिला नव्हता, बाईच्या हाताने जाळ्याला गाठी पडतात म्हणायचे. काका थट्टेने म्हणाले, "घे वं पोरी, तूबी फेकून पाय." मी घेतलं. एक टोक दातांत धरलं, बाकीचं कोपरावर टाकलं, कमरेतून वळले आणि सोडलं. पाण्यावर ते पूर्ण गोल उघडलं, आईच्या परातीसारखं. काठावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आईने नाही वाजवल्या. ती उठून जवळ आली, माझी दोन्ही मनगटं तिने हातात घेतली आणि उलटी करून बघितली, जशी लहानपणी तुझे हात धुतलेत की नाही बघायची. "कोनाचे हात हायेत हे?" एवढंच म्हणाली. त्या दिवशीची मासळी तिने खाल्ली नाही. त्यानंतर ती माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाही, स्वतः उठून घेते. बाबांना तिने काही सांगितलं नाही आणि मलाही पुन्हा विचारलं नाही.

तू दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलास नोव्हेंबरमध्ये. रात्रीच्या दंडारीच्या खेळाला गेला नाहीस, दमलो म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायरांच्या मागे होते, पंक्चर काढत. तू आलास, बाबांच्या पिकअपमध्ये बसलास. किल्ली लावली. मग बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत बसलास, घरात कोणीतरी नवीन वस्तू आणून ठेवावी आणि ती काय आहे ते कळू नये तसा. दहा मिनिटांनी उतरलास आणि कोणी नसताना मोठ्याने म्हणालास, सीट तापली आहे. सकाळचे आठ वाजले होते, थंडी होती. मी हाक मारली नाही. चाकामागे तशीच बसून राहिले, तू आत जाईपर्यंत.

दुपारी तू मला विहिरीजवळ गाठलंस आणि विचारलंस, "ताई, तू धरली म्हनली होतीस ना वं?" किती सहज विचारलंस. मी म्हटलं, हो रे बाबा, शंभरदा सांगितलं, हेल्मेटमध्ये म्हटलं. तू म्हणालास, "बस झालं मंग. माह्याच डोक्यात काहीतरी घुसलं." आणि माझ्या डोक्यावर टपली मारायला हात उचललास, तो खांद्यापर्यंत आला आणि तिथून खाली पडला. आपण दोघंही हसलो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास भूपेश, आणि तू गेलास.

या जानेवारीत ती शर्यत पुन्हा झाली. तू रजा नाही म्हणालास, तेव्हा विनोदबाबूंनी नागपूरचा एक मुलगा दुसरा चालक म्हणून घेतला. आम्ही पहिले आलो. आम्ही कसले, तू पहिला आलास. पेपरात माझा फोटो आला, भंडाऱ्याची लेक वगैरे. तू फोनवर "शाब्बास ताई" म्हणालास. मी तो शब्द रात्रभर उशाशी घेऊन झोपले. लाज वाटली नाही. हे असं लिहिताना वाटते, तेव्हा नाही वाटली.

आता खरं काय ते सांगते. त्या पहिल्या शर्यतीत थांब्याच्या वेळी इंजिन बंद होतं. तीन मिनिटं गाडीचा काहीच आवाज नव्हता. तू लंगडत माझ्या बाजूला आलास, दारावर उजवा हात ठेवलास आणि म्हणालास, "सोडली, ताई." मला लख्ख ऐकू आलं. मी काही बोलले नाही. तुला वाटलं पट्टे लावण्यात लक्ष नाही, म्हणून वाकून पुन्हा म्हणालास. "सोडली वं." तुझा घाम माझ्या हातमोज्यावर पडला. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. आणि त्याच वेळी मला विनोदबाबूंचं ते बोलणं आठवलं, तू फक्त गाडी घरी आण, आणि आबाजींची ती सोळा दिवसांची गोष्ट आठवली, दोन माणसांच्या बळाने डोंगा काढणारा तो धाकटा आठवला. मला माहीत होतं काय होईल. खरंच होईल असं वाटत नव्हतं, पण होऊन जाऊ दे असं वाटलं. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि समोर बघितलं. तुझा हात अजून दारावरच होता, मी गाडी काढली तेव्हा तो घसरत मागे गेला. मी आरशात बघितलं. तू तिथेच उभा होतास, वाट बघत.

मंगळवारी ममताचा फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये गेले, गाडीत बसले, स्टिअरिंग धरलं आणि म्हटलं, धरली. दहा वेळा म्हटलं. ओरडून म्हटलं. अंगठा गोल फिरत राहिला. बाबा काळा चष्मा लावून दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. ते मडगार्डवर बसले आणि म्हणाले, "असं एकटीनं म्हनून नाही होत वं. सोडनाऱ्याचा हात लाकडाले लागून पायजे. तवाच सुटते." मग मी विचारलं, आबाजींचा तो धाकटा भाऊ, पुढे त्याचं काय झालं? हे आबाजी कधी सांगायचे नाहीत. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आबाजींचे हात त्याच दिवशी परत आले म्हणाले, घाटावरच त्यांनी आजीच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. पण धाकट्याला त्याचे स्वतःचे हात पुन्हा सापडले नाहीत. सोळा दिवस दुसऱ्याचे वापरले, तेवढ्यात त्याचे कुठे गेले ते कोणालाच कळलं नाही. पुढची बावीस वर्षं त्याला त्याच्या बायकोने भरवलं. मी तर चौदा महिने वापरले आहेत. आणि मला भरवायला आईच आहे, जी माझ्या हातचं पाणी घेत नाही.

तेव्हा हे फोनवर का सांगितलं नाही, पत्र कशाला, असं वाटत असेल तुला. आता पहिल्या पानापासून हे अक्षर पुन्हा बघ. ममताला दाखव. "ल"ची ती मोठी गाठ, "श"ची मोडकी मान, शिरोरेघ शब्दाच्या आधीच संपते ती, शाळेत ज्यासाठी तुझ्या बोटांवर पट्टी बसायची. माझं अक्षर कसं टपोरं होतं ते तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात गॅरेजचा फलक रंगवायला घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे गाडीपुरतं राहिलेलं नाही भूपेश, रोज थोडं थोडं इकडे येतं आहे. दिवाळीनंतर तू मला एक ओळ टाइप केलेली नाहीस, नुसता आवाज पाठवतोस, आणि मी विचारलं नाही का ते. मी टाइप करून पाठवणार होते, बाबा म्हणाले, त्याच्या हातानंच जाऊ दे, त्याले समजन. खरं तर चौदा महिने मी तोंड उघडलं नाही, हे सगळं शेवटी तुझ्या हातानेच लिहून काढलं आहे, मी फक्त कागद धरला. रविवारी ये. ममताला घेऊन ये, बटणं तिला लावू दे, लाजू नको. गाडी दुपारी बारा वाजता अंगणात काढून ठेवते. तू दारावर हात ठेव आणि म्हण. मी म्हणेन असं आज वाटतं, पण गाडीत बसल्यावर मला माझा भरवसा नाही, तेव्हा मी गप्प राहिले तर चालवून घेऊ नकोस, आईला पुढे कर, ती माझं मनगट सोडणार नाही. उत्तर लिहू नको, जमणार नाही तुला. फक्त ये. खालची सही मी डाव्या हाताने केली आहे, वाकडी आहे, पण तेवढी माझी आहे.

तुझीच,
प्रेरणाताई